नातवंडाला डॉक्टरकडे नेताना



आईबाप दोघे कामावर, म्हणून नातवंडाला कुपात होलिममध्ये किंवा तिपात हलावला नेण्याचे काम पुष्कळ घरी आजी-आजोबांकडे आले आहे. आपण ते आवडीने करतो. पण एक सवय आपण सामानाबरोबर इकडे घेऊन आलो. "जेव, नाहीतर डॉक्टर सुई टोचेल!" आम्ही नर्सांनी हे मुंबईच्या वॉर्डात ऐकले आणि इकडच्या दवाखान्यातही तेच, फक्त मध्ये चार हिब्रू शब्द. वर्षभर ही धमकी द्यायची आणि एक दिवस आपणच हात धरून त्याच डॉक्टरपुढे बसवायचे. पोर किंचाळेल नाही तर काय करेल?

दुसरी सवय खोटे बोलण्याची. "काही दुखत नाही रे." सुई दुखतेच. मग मूल सुईवर रागावत नाही, आजीवर रागावते आणि पुढच्या वेळी खरे सांगितले तरी त्याला पटत नाही. अशी मुले मोठी झाली की दुखणे लपवतात. कान ठणकतो, पण डॉक्टर नको म्हणून गप्प बसतात, आणि कान वाहू लागल्यावर घरात कळते. हे आम्ही पुष्कळ वेळा पाहिले आहे.

म्हणून खरे सांगावे, थोडक्यात सांगावे. "चिमटा काढल्यासारखे होईल, पाच आकडे मोजू तोवर संपेल." तीन वर्षांच्या मुलाला त्याच सकाळी किंवा आदल्या संध्याकाळी सांगितले म्हणजे पुरे. आठवडाभर आधी सांगाल तर आठवडाभर घाबरेल. शाळेतल्या मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगा, त्याला प्रश्न विचारायचे असतात.

बेर्शेबाला बेन-गुरियन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी अस्वलांचे इस्पितळ चालवले. मुले आपले खेळण्यातले अस्वल आजारी म्हणून आणतात आणि हे होणारे डॉक्टर त्याला तपासतात. त्याने मुलांची इस्पितळाची भीती कमी झाली, असे २००८ साली छापून आले. आपल्याला घरी बाहुली आणि वाटी पुरते. वाटी छातीला लावून ठोके ऐका, चमच्याच्या दांडीने बाहुलीची जीभ बघा. मग नातू डॉक्टर, आजी पेशंट. आजीने थोडे कण्हावेही!

टोचताना मुलाला आडवे दाबून धरू नये, मांडीवर छातीशी घेऊन बसावे. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईने पाजता पाजता टोचून घ्यावे. फार घाबरणाऱ्यासाठी बधिर करणारे मलम मिळते. ते साधारण तासभर आधी लावावे लागते, म्हणून डॉक्टरांना अगोदरच विचारून ठेवा. आणि "एवढा मोठा घोडा झालास, रडतोस काय?" हे बंद करा. रडून मन हलके होते. मोठ्या खेळण्याची लालूचही नको, मुलाला वाटते एवढे मोठे बक्षीस म्हणजे संकटही मोठेच असणार.

आता मुलांनो, तुमच्यासाठी. कोणत्या हाताला टोचायचे ते तुम्ही विचारू शकता. हात सैल सोडा आणि केकवरच्या मेणबत्त्या विझवताना फुंकता तसे लांब फुंका. नर्सला घाबरू नका. हिब्रूत तिला 'अहोत' म्हणतात, म्हणजे बहीण. मुंबईत आम्हांलाही सिस्टरच म्हणत.

पुढच्या खेपेस दातांच्या डॉक्टरांविषयी लिहू. तिथे मात्र नातवंडांपेक्षा आजोबाच जास्त घाबरतात.