पॅनकेकखालच्या कण्या

गॅटलिनबर्गला जाऊन आलेल्या मराठी मंडळींच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास सापडतो. पॅनकेकची चळत, वर लोण्याचा गोळा, शेजारी सिरपची बाटली, आणि मागे तासभर रांगेत उभं राहून दमलेला नवरा! अटलांटाहून गाडीने चारेक तासांवरचं हे गाव. ऑक्टोबरात पानं रंगली की आमच्यातली निम्मी मंडळी तिकडेच पळतात. आमच्याकडेही असे फोटो आहेत, तेव्हा पॅनकेकशी माझं काही भांडण नाही बरं का.

माझं म्हणणं वेगळं आहे. त्या गावातला खरा नाश्ता मेनूकार्डाच्या तळाशी असतो. तो आपल्याला ओळखता यायला हवा, कारण आपल्यातल्या कितीतरी घरांत तो होता.

आधी गावाविषयी थोडं. टेनेसी राज्यातलं हे डोंगरातलं गाव, वस्ती जेमतेम चार हजारांच्या आसपास. पण ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्क अगदी दारात. अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांमध्ये सगळ्यात जास्त गर्दी इथेच होते. २०२३ साली इथे १ कोटी ३० लाखांहून जास्त भेटी नोंदल्या गेल्या. एवढी माणसं सकाळी उठली की त्यांना खायला लागणारच! १९६० साली इथे 'पॅनकेक पॅन्ट्री' सुरू झालं, ते टेनेसीतलं पहिलं पॅनकेक हाऊस. मग एकाचं बघून दुसरं असं करत आज मुख्य रस्त्यावर आणि आसपास जिकडे बघावं तिकडे पॅनकेक. बहुतेक ठिकाणी पहाटेपासून दुपारपर्यंतच दुकान उघडं, आणि सुट्टीच्या दिवशी आठ वाजताच दाराबाहेर रांग.

आम्ही गेलो ते हॉटेल अशांपैकीच एक. लाकडी तुळया, प्रत्येकाला 'हनी' म्हणणारी वाढपीण, कप अर्धा व्हायच्या आत पुन्हा भरली जाणारी कॉफी. मेनूकार्डावर पॅनकेकचे वीसेक प्रकार. स्ट्रॉबेरीचे, चॉकलेटचे, पेकनचे, आणि सगळ्यांचे रंगीत फोटो. तळाशी मात्र बिनफोटोची, बारीक अक्षरातली एक ओळ: दोन अंडी, बिस्किट, ग्रेव्ही, आणि बटाटे किंवा ग्रिट्स.

हाच तो खरा नाश्ता. पॅनकेक अमेरिकेत कुठेही मिळतात, ही ओळ मात्र दक्षिणेची.

बिस्किट म्हणजे आपलं पार्ले-जी नव्हे. पावासारखा मऊ, पापुद्रे सुटणारा गरम गोळा. ह्या भागातला गहू मऊ जातीचा, त्याच्या पिठाला ताण कमी, म्हणून बिस्किट असं हलकं होतं. त्यावरची पांढरी ग्रेव्ही म्हणजे डुकराच्या मांसाच्या चरबीत पीठ परतून दूध घालून केलेला दाटसर रस्सा. (शाकाहारी मंडळींनी ग्रेव्हीपासून लांब राहावं, आणि बिस्किटात चरबी आहे का तेही विचारून घ्यावं!) ह्या ग्रेव्हीला 'सॉमिल ग्रेव्ही' असंही म्हणतात. सॉमिल म्हणजे लाकूड कापायची गिरणी. आज आपण ज्या जंगलाचे फोटो काढतो त्यातलं बरंचसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाकूड कंपन्यांनी तोडून नेलं होतं. दिवसभर ओंडके ओढणाऱ्या माणसाला सकाळी पोटभर आणि स्वस्तात काय घालायचं, त्याचं उत्तर म्हणजे हे ताट.

आणि ग्रिट्स? ग्रिट्स म्हणजे मक्याचा जाडसर भरडा, पाण्यात रटरटून शिजवलेला. वर मीठ आणि लोणी. साखर घातलीत तर जुना दक्षिणी माणूस तुमच्याकडे कसंनुसं बघतो.

अगदी सरळ मराठीत सांगायचं तर कण्या. मक्याच्या कण्या.

हे मला सुचलेलं नाही, आईला सुचलं. माझ्या मुलाने ग्रिट्सचा वाडगा बघून तोंड वाकडं केलं. "आजी, इट्स लाइक पेस्ट!" आईने चमचाभर चाखलं आणि म्हणाली, "अगं, ह्या तर कण्या. पैसे देऊन घेतल्यास?"

आई मूळची बीड जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. दुष्काळी कामावर आजीबरोबर खडी फोडायला जायची, हे मला माहीत होतं. पण त्या दिवसांत घरात काय शिजायचं ते तिने कधी सांगितलं नव्हतं. ते तिने त्या टेबलावर सांगितलं. सकाळी कण्या, रात्री कण्या, ताक असलं तर ताकात, नाहीतर मीठ-पाणी. कामावर सुकडी मिळायची. रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी धड थापली जायची नाही. "ती मिलो इथूनच यायची ना, तुमच्या अमेरिकेतून?" तिने विचारलं. हो, अमेरिकेतूनच. इथे ती जनावरांना घालत.

मला वाटलं, आता ती वाडगा आवडीने संपवेल आणि माझ्या मुलाला एक छान गोष्ट मिळेल. तिने वाडगा बाजूला सारला. म्हणाली, "मला नको कण्यांचं कौतुक. तेव्हा पोट भरायला खाल्ल्या. आता मला तो स्ट्रॉबेरीचा मागव." आणि स्ट्रॉबेरीचा पॅनकेक तिने मजेत खाल्ला.

तेव्हापासून मी ह्या एका गोष्टीचा खूप विचार केलाय. कारण अशा जागी दोन सोपी मतं तयारच असतात आणि मला दोन्ही पटत नाहीत.

पहिलं मत 'गरिबांचं साधं अन्नच खरं अन्न' हे. हे म्हणणारा बहुधा कधी उपाशी राहिलेला नसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या ह्याच दक्षिण भागात पेलाग्रा नावाच्या रोगाने हजारो माणसं मेली. कातडी सोलायची, जुलाब व्हायचे, शेवटी भ्रम व्हायचा. हा रोग जंतूंचा नसून निकृष्ट आहाराचा आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिलं. मका, गूळपाक आणि चरबी, एवढंच ज्यांच्या ताटात, त्यांना तो व्हायचा. मूळचे चेरोकी लोक मका राखेच्या पाण्यात शिजवायचे, त्यामुळे त्यातलं जीवनसत्त्व अंगी लागायचं. गोऱ्यांनी मका उचलला, पण सगळीकडे ही रीत उचलली नाही. (त्या चेरोकींपैकी बहुतेकांना १८३८ साली ह्या डोंगरांतून हाकलून दिलं, हेही इथेच सांगायला हवं.) आणि आपल्याकडे? १९६० च्या सुमारास हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन यांनी दख्खनमधल्या, ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा असल्याचं मांडलं. तेव्हा नुसत्या कण्यांची आरती ओवाळण्यात अर्थ नाही.

दुसरं मत माझ्या मुलाचं, आणि खरं तर आपल्यातल्या बऱ्याच मोठ्यांचंही. 'ह्या लोकांना खायची अक्कल नाही, सगळं सपक.' मग डिकीतून ठेपले आणि लसणाची चटणी निघते. ठेपले मलाही आवडतात. पण ज्या माणसाच्या आजीने कण्या खाल्ल्या, त्याने दुसऱ्याच्या आजीच्या कण्यांना नाक मुरडावं?

वाडगा बाजूला सारायचा हक्क आईला आहे. तिने तो भूक सोसून कमावलाय. मला आणि माझ्या मुलाला तो हक्क नाही. आम्ही निदान तो वाडगा काय आहे हे विचारायला हवं. माझं मत म्हणाल तर एवढंच आहे.

गंमत बघा, दक्षिणेतल्या लोकांनी त्यांच्या कण्या लपवल्या नाहीत. शेजारच्या जॉर्जियाने, म्हणजे आमच्याच राज्याने, २००२ साली ग्रिट्सना राज्याचा अधिकृत पदार्थ केलं. आता मोठ्या शहरांतल्या महागड्या हॉटेलांत कोळंबीबरोबर ग्रिट्स वाढतात. तरीसुद्धा त्यांच्याच डोंगरातल्या पर्यटकांच्या गावात मेनूवर फोटो पॅनकेकचा, आणि ग्रिट्सना तळाची ओळ! पाहुण्यासमोर साखर ठेवायची आणि रोजचं अन्न मागे सारायचं, ही रीत डोंगरातल्या सगळ्याच गावांची असावी. महाबळेश्वरला आपण काय खातो? स्ट्रॉबेरी क्रीम, मक्याचे पॅटिस, पंजाबी थाळी. तिथल्या डोंगरात पिढ्यानपिढ्या पिकणारी नाचणीची भाकरी किती हॉटेलांच्या मेनूवर असते? २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हापासून पुण्याच्या मॉलमध्ये ज्वारी-नाचणी 'मिलेट' म्हणून चकचकीत पाकिटात मिळू लागलीये. पाकिटावर सगळं लिहिलेलं असतं. फायबर किती, लोह किती. ते कोण खात होतं आणि का खात होतं, एवढं सोडून.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी स्मोकीजला गेलात तर पॅनकेक जरूर खा, रांगेत उभं राहून खा. पण एक वाडगा ग्रिट्स मागवा. मीठ आणि लोणी घालून, साखर न घालता. वेळ असेल तर केड्स कोव्हला जाऊन जॉन केबलची जुनी पाणचक्की बघा. मका कसा भरडला जायचा ते तिथे कळतं. तिथे आसपास शेती करणाऱ्या कुटुंबांना पार्कसाठी घरं सोडावी लागली. ती रिकामी घरंही दिसतील.

आणि बरोबर आई-वडील, सासू-सासरे असतील तर त्या वाडग्यापाशी त्यांना सहज विचारा, तुमच्याकडे लहानपणी सकाळी काय असायचं? उत्तर आलं तर ऐका, मध्ये 'वाव, सो हेल्दी' म्हणू नका. नाही आलं तर स्ट्रॉबेरीचा पॅनकेक मागवा.

तुमच्या घरी कण्या व्हायच्या का? कशाच्या, आणि कशाबरोबर खायचात? जरूर लिहा. मावशी आणि नगरचे काका, हा प्रश्न खास तुम्हाला!