मेंदूतली तूट भरून निघते का?

मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडी मागे पडली की वडपे लागते. मी बँकेत असताना एसटीतून तिथे उतरलो की दोन्ही अंगांना भातखाचरे दिसत. आता गोदामांचे पत्रे दिसतात. जवळच आमण्याला २०२५च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग येऊन टेकला, आणि कंटेनरांना खंड उरलेला नाही. या गावात माझे एक जुने सहकारी राहतात. नाव लिहीत नाही. गाव त्यांना भाऊ म्हणते, मीही तेच म्हणतो.

भाऊ आमच्या शाखेत कॅशियर होते. ते लेजरचे दिवस. संध्याकाळी त्यांची रोकड पहिल्याच मोजणीत जुळायची. १९९३च्या पावसाळ्यापासून ती जुळेनाशी झाली. कधी पन्नास रुपये कमी, कधी एका खातेदाराचे पैसे दुसऱ्याच्या हातात. तूट खिशातून भरायची असा रिवाज. ते मुकाट्याने भरत. बोलणे आटले, डबा न उघडता घरी परत जाऊ लागला. शाखेत कुजबूज सुरू झाली : दारू असेल, घरात भांडणे असतील, कोणी करणी केली असेल. मी तेव्हा नवा अधिकारी होतो. ‘कामात हयगय’ असा मेमो मीच टाइप करवून घेतला आणि खाली सहीही माझीच. नैराश्य हा शब्द आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आला नाही. तो कादंबऱ्यांत असे, काउंटरवर नसे.

पुढे सरकारी बँकांत २०००-०१मध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, तीत भाऊ बाहेर पडले. घरी बसल्यावर आजार उलटला. २०२०च्या टाळेबंदीत तिसऱ्यांदा उलटला, तेव्हा मुलाने त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. म्हणजे पहिल्या लक्षणानंतर तब्बल सत्तावीस वर्षांनी! गेल्या दिवाळीत भेटलो तेव्हा ते बरेच सावरलेले दिसले. चहा झाल्यावर म्हणाले, “साहेब, मन आता ठीक आहे. पण नावं आठवत नाहीत, साधी बेरीज सुटते. डोक्यातली ही तूट भरून निघते का हो?”

मी डॉक्टर नाही. पण प्रश्न पाठ सोडीना, म्हणून वाचत गेलो आणि जाणकारांना विचारत गेलो.

मेंदूच्या आत, दोन्ही कानांच्या पातळीवर, हिप्पोकॅम्पस नावाचा करंगळीएवढा भाग असतो. रोजच्या घटना स्मरणात जमा करून घेणारी ही खिडकी. अमेरिकेत यवेट शेलाइन यांनी १९९६मध्ये वारंवार नैराश्य येऊन गेलेल्या काही स्त्रियांचे एमआरआय तपासले. त्या वेळी त्या बऱ्या होत्या, तरीही हा भाग इतरांपेक्षा लहान होता. आणि जितके अधिक दिवस नैराश्यात गेले तितका तो अधिक लहान. संख्या मात्र अगदी थोडी होती. पुढे अनेक देशांतल्या संशोधकांनी १७२८ रुग्णांचे चित्रण एकत्र केले. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी फरक निघाला सव्वा टक्क्याच्या आसपास. म्हणजे ‘नैराश्याने मेंदू आक्रसतो’ अशा मथळ्यांनी घाबरून जावे इतका नव्हे. पण त्यातली खरी गोष्ट पुढे आहे. पहिल्यांदाच आजारी पडलेल्यांत हा फरक ठळक दिसला नाही. ज्यांना आजार पुन्हा पुन्हा झाला त्यांच्यात दिसला. आधी आजार आणि मग झीज, की मुळात लहान भाग असणाऱ्यांनाच आजार लवकर गाठतो, यावर अजून वाद आहे. बहुधा दोन्ही खरे असावे.

झीज म्हणजे पेशी मरतात असे मी समजत होतो. तसे मुख्यत्वे होत नाही. पेशींच्या फांद्या आखूड होतात, पानगळीतल्या झाडासारख्या. झाड उभेच असते. दीर्घकाळच्या ताणात कॉर्टिसॉल हे द्रव्य चढे राहते, पेशींना पोसणारी प्रथिने कमी पडतात, आणि फांद्या झडतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये उंदरांवर हे दाखवले. रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या फांद्या घटल्या. पण भीतीची नोंद ठेवणाऱ्या अमिग्डला या भागात उलट त्या वाढल्या! आणखी चमत्कारिक म्हणजे, ताण थांबवून एकवीस दिवस विश्रांती दिली तरी भीतीच्या भागातली वाढ ओसरली नाही, हे त्यांना २००४मध्ये आढळले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. तरी ते वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो.

आजार उलटण्याचे ढोबळ आकडे मानसोपचाराच्या पुस्तकांत असतात : एकदा होऊन गेला तर निम्म्यांना पुन्हा होतो, दोनदा झाला तर सत्तर टक्क्यांना, तीनदा झाला तर नव्वदांना. प्रत्येक खेपेला निमित्त लहान होत जाते. पहिल्या वेळी भाऊंची आई गेली होती. तिसऱ्या वेळी नुसते घर बंद झाले होते. उतारवयात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींतही नैराश्याची गणना आता होते.

पण जमेची बाजूही आहे. शेलाइन यांच्याच २००३च्या अभ्यासात झीज जुळली ती उपचारांविना गेलेल्या दिवसांशी. औषध चालू असलेल्या दिवसांशी नाही. २०११मध्ये अमेरिकेतच १२० निरोगी वृद्धांपैकी निम्म्यांना वर्षभर नेमाने चालायला लावले, तेव्हा त्यांचा हिप्पोकॅम्पस दोन टक्क्यांनी वाढला. नुसते अंगाला ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्या बाकीच्यांचा घटला.

मग सत्तावीस वर्षे का लागली? ठाण्यात मनोरुग्णालय १९०१पासून आहे, डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच संस्था १९९०पासून. वडप्याहून तासाभराची वाट, कोंडी नसली तर. पण आमच्याकडे ‘ठाण्याला पाठवा’ ही शिवी आहे. भाऊंच्या घरात ते नाव काढायची सोय नव्हती. निम्हान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठते, आणि या प्रकारच्या आजारांत शंभरातले सुमारे पंच्याऐंशी उपचारांपर्यंत पोचत नाहीत. २०१७च्या कायद्याने विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायला सांगितले. २०२२च्या ऑक्टोबरपासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही मोफत सेवा आहे, मराठीतूनही. हे चांगलेच झाले. तरी वडप्याच्या गोदामात रात्रपाळी करणाऱ्या पोराचा माल मोजताना हिशेब चुकू लागला, तर त्याच्या मुकादमाला हा क्रमांक आठवेल असे मला वाटत नाही. तिथे मेमोसुद्धा निघत नाही; दुसऱ्या दिवशी दुसरा पोरगा येतो.

भाऊंना मी सांगितले ते इतकेच : बरीचशी भरून निघते, सगळी निघेल असे नाही, गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितले आहे. महामार्गाकडेला चालणे अशक्य, म्हणून ते गोदामांच्या मागे उरलेल्या बांधावरून रोज संध्याकाळी जातात. त्या दिवशी मीही बरोबर गेलो. वाटेत त्यांना आमच्या त्या वेळच्या मॅनेजरांचे नाव आठवेना, माझ्या मुलीचेही आठवेना. मी म्हटले, राहू द्या, मलाही हल्ली नावे आठवत नाहीत.

“तुमच्या मेमोची तारीख आठवते,” ते म्हणाले. “एकोणतीस सप्टेंबर. बुधवार होता.”

घरी येऊन १९९३चे पंचांग पाहिले. बुधवारच होता.