पथ्य कोणाचे, पैसा कोणाचा?
अमेरिकेच्या आहार-मार्गदर्शिकेतून कोलेस्टेरॉलची रोज ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०१५-२० च्या आवृत्तीत वगळली गेली, तेव्हा अनेकांनी विज्ञानालाच दोष दिला. पुराव्यानुसार मत बदलणे हा विज्ञानाचा धर्मच होय. प्रश्न आहे तो पुराव्यामागील पैशाचा. १९६७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी हृदयविकाराचा ठपका स्निग्ध पदार्थांवर ठेवून साखरेचा दोष सौम्य ठरविला. त्यासाठी साखर उद्योगाने पैसे मोजले होते, हे २०१६ साली उघड झाले. १९७७ साली सेनेटर मॅक्गव्हर्न यांच्या समितीने मांस कमी खाण्यास सांगितले. मांस उद्योगाने दबाव आणताच वर्षाच्या आत ते शब्द बदलले गेले. लठ्ठपणाचे खापर मात्र खाणाऱ्याच्याच माथी! आहार-संशोधन जनतेच्या पैशाने आणि जनतेच्या देखरेखीखाली झाले पाहिजे.