नेट बंद करण्याच्या आदेशावर सही करण्यापूर्वी

प्रति,
अपर मुख्य सचिव (गृह),
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

२६ फेब्रुवारी २०२४ रोजी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांतली इंटरनेट सेवा काही तास बंद ठेवली गेली. मराठा आरक्षणाचे आंदोलन तापले होते, जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीला एसटी जाळली गेली होती, अंबड तालुक्यात संचारबंदी होती. त्याआधी नोव्हेंबर २०२३ च्या सुरुवातीलाही जालन्याने हाच अनुभव घेतला होता. एसटी जाळणाऱ्यांची वकिली करायला हे पत्र लिहिलेले नाही. त्यांच्यावर गुन्हे दाखल व्हायलाच हवेत. पण तीर्थपुरीतल्या जाळपोळीचा बंदोबस्त म्हणून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या भोकरदन-जाफराबादच्या माणसाचाही मोबाइल मुका करायचा, हा उपाय कोणत्या हिशोबात बसतो, ते कळायला हवे.

दहा-बारा वर्षांपूर्वी नेट बंद झाले असते तर खेड्यातल्या माणसाचे फारसे अडले नसते. आज अडते, कारण शासनानेच त्याला नेटच्या दावणीला बांधले आहे. पीक पेरले याची नोंद ई-पीक पाहणीच्या अॅपवर, पीकविम्याचा अर्ज ऑनलाइन, पीएम किसानचे ई-केवायसी ऑनलाइन. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुरांची हजेरीही मोबाइलवर फोटो काढून लावावी लागते. स्वस्त धान्य दुकानातले ई-पॉस यंत्र पाहा. एरवीही रेंज नसली की दुकानदार ते हातात धरून दाराबाहेर येतो, म्हातारीचा अंगठा पुसून पुन्हा टेकवतो आणि पडद्यावरचे चक्र फिरत राहते. ते यंत्र सिमकार्डावर चालते. मोबाइल डेटा तोडला की अंगठा जुळत नाही, अंगठा जुळला नाही की धान्य मिळत नाही. ह्यूमन राइट्स वॉच आणि इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन यांनी जून २०२३ मध्ये अशा बंदीवर अहवाल प्रसिद्ध केला. नेट बंद म्हणजे काम बंद, मजुरी बंद, रेशन बंद, हेच त्यांना वेगवेगळ्या राज्यांत आढळले. जी गोष्ट शासनाने सक्तीची केली, ती बंद करताना ‘थोडा वेळ व्हॉट्सअॅप नसले तर काय बिघडले’ असे म्हणण्याची सोय शासनाला उरत नाही.

आपल्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा अफवांचा आहे, आणि तो महाराष्ट्राने रक्त सांडून शिकलेला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. ती अफवा मोबाइलवरूनच पसरली होती. पण त्यानंतर उपयोगी पडेल असे पाऊल कोणते उचलले गेले? त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. रोगावर नेमका इलाज तो होता; त्यासाठी सगळे नेट बंद करावे लागले नाही. शिवाय अफवेला नेट लागतेच असे नाही. सप्टेंबर १९९५ मध्ये गणपती दूध पितो ही बातमी देशभर एका दिवसात पसरली, तेव्हा घराघरांत फार तर काळा टेलिफोन होता. नेट बंद असताना अफवा तोंडोतोंडी चालत राहते आणि ती खोटी आहे हे सांगणारा जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा पोलीस अधीक्षकांचा खुलासा मात्र लोकांच्या मोबाइलपर्यंत येत नाही.

दुसरी बाजू अधिक अडचणीची आहे. नेट बंद असले की काय घडले याचा पुरावाही बंद होतो. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला. त्याची दृश्ये राज्यभर पोहोचली आणि काही दिवसांतच तत्कालीन गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शासनाच्या वतीने माफी मागितली. दगडफेकीत पोलीसही जखमी झाले होते. त्यांची बाजू मांडायलाही चित्रणच कामी येते. याउलट मणिपूर पाहा. तिथे ३ मे २०२३ ला हिंसाचार पेटताच नेट तोडले गेले. दुसऱ्याच दिवशी महिलांची विवस्त्र धिंड काढली गेली, पण त्याची चित्रफीत देशासमोर यायला १९ जुलै उजाडला, आणि पहिली अटक त्यानंतर झाली. अडीच महिने शांतता राखली गेली म्हणावी, तर ती कोणाच्या सोयीची होती?

कायद्याने आपल्याला हा अधिकार दिला आहे, हे मान्य. पण १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला कुंपणही घातले: आदेश कारणांसह प्रसिद्ध करा, तो प्रसंगाच्या प्रमाणात असू द्या, बेमुदत बंदी चालणार नाही. नोव्हेंबर २०२४ च्या केंद्रीय नियमांतही आदेश कारण, क्षेत्र आणि कालावधी यांसह प्रसिद्ध करण्याची अट आहे. इकडे संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२१ मध्येच दाखवून दिले होते की देशात किती वेळा नेट बंद झाले याची नोंद केंद्राकडे नाही. मोजदाद ठेवणाऱ्यांत अॅक्सेस नाऊ ही परदेशी संस्था आहे. तिच्या हिशोबाने २०२४ मध्ये भारतात ८४ वेळा नेट बंद झाले आणि आपल्यापुढे एकटा म्यानमार होता, ८५ वेळा. लष्करशहांच्या राजवटीपेक्षा एकाने कमी, ही बढाई मारण्याजोगी गोष्ट नव्हे.

काही तासांचाच तर प्रश्न होता, असे उत्तर येईल. काश्मीरमध्येही ऑगस्ट २०१९ मध्ये नेट बंद केले, ते तात्पुरतेच होते. फोरजी परतले फेब्रुवारी २०२१ मध्ये. निवडक संकेतस्थळे चालू ठेवू, हा मधला मार्गही तिथे करून झाला. ठरावीक यादीपुरते नेट म्हणजे काय चीज असते, ते तिथल्या विद्यार्थ्यांना आणि व्यापाऱ्यांना विचारावे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. नोव्हेंबर २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ चे जालन्याचे आदेश, त्यांची कारणे आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील आढावा समितीचा त्यांवरचा अभिप्राय गृह विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत टाकावा. पुढे कधी बंदी आणलीच, तर ती पोलीस ठाण्याच्या हद्दीपुरती असावी, आणि जितके दिवस नेट बंद, तितके दिवस विमा, पीक पाहणी व रेशन यांची मुदत त्याच आदेशाने वाढवून मिळावी. आदेशाची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, कारण त्या दिवशी संकेतस्थळ उघडणार नाही.

आपला,
जालना जिल्ह्यातील एक नागरिक