उतरलेले विष

विज्ञान हा आम्हा कला शाखेवाल्यांचा प्रांत नव्हे, असे आमच्या वर्गात काहीशा अभिमानाने बोलले जाते. मीही बोलत असे. गेल्या पावसाळ्यात गावी गेल्यापासून मात्र तो अभिमान मला परवडेनासा झाला आहे.

आमच्या गावात साप चावलेल्याला आधी मांत्रिकाकडे नेतात. "काका, खरेच उतरते का हो विष?" असे मी चुलत्यांना विचारले. "अरे, माझ्या डोळ्यांदेखत दहातले आठ उठून घरी गेले!" ते म्हणाले. काका खोटे बोलत नव्हते. आठजण घरी गेलेच होते. पण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. माणसांचे बळी घेणारे मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. शिवाय विषारी साप दर दंशात विष सोडतोच असेही नाही. म्हणजे त्या आठांतले बरेचजण घरी नुसते पडून राहते, तरी उठलेच असते. जे दोघे गेले त्यांचा हिशेब नशिबाच्या खाती! डोळे खरे पाहतात. चुकते ती मोजणी.

मला सर्वांत भय वाटते ते मण्यारीचे. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. बहुधा ना वेदना, ना सूज. दातांची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. दुखत नाही म्हणजे विष नाही, असे मन सांगते आणि घात होतो. घट्ट दोरी आवळण्याचेही तसेच; विष अडल्यासारखे वाटते, पण त्याने अवयव मात्र निकामी होऊ शकतो.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. मांत्रिकाला शिव्या देऊन हा आकडा खाली येणार नाही. माझ्या मते हा मोजणीचा हिशेब आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला शिकवायला हवा. व्याख्या पाठ करून आम्ही पास होतोच आहोत.

काकांना हे सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. त्या दोघांतला एक त्यांचा बालमित्र. पहाटे पोट दुखते म्हणाला, म्हणून घरच्यांनी ओवा दिला होता.

"म्हणजे तेव्हाच दवाखान्यात नेला असता तर?" काकांनी विचारले.

मला उत्तर देववले नाही.