साउंड कार्डाआधी कूलर बघा

नागपूरच्या बर्डीवर मी कम्प्युटर जुळवतो. गेमिंगसाठी साउंड कार्ड मागायला आलेल्या पोट्ट्याला माझा पहिला प्रश्न कूलरचा असतो. खिडकीत आहे की खोलीतच स्टँडवर? टेबलापासून किती लांब? पोट्टे हसतात. पण २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सोसलेलं हे शहर आहे. इथे उन्हाळाभर खोलीत जी घरघर चालते, ती धरून कोणी हेडफोनचे रिव्ह्यू करत नाही.

साउंड कार्डाची गरज एके काळी खरी होती. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर १९८९ साली आलं, तेव्हा साध्या कम्प्युटरमधून टीं-टीं सोडून फारसं काही ऐकू येत नसे. आज मदरबोर्डवरची रिअलटेकची चिप ३२ ओहमचे हेडफोन आरामात वाजवते. बायरडायनॅमिकच्या डीटी ९९० चं २५० ओहमचं मॉडेल घेतलंत, तर वेगळा ॲम्प लागेल. पण तसं गिऱ्हाईक विरळाच.

खोक्यावरच्या ‘७.१’ ला तर माझा सरळ विरोध आहे. बहुतेक हेडसेटमध्ये ड्रायव्हर दोनच असतात, बाकी सगळी सॉफ्टवेअरची करामत. मागून आलेला आवाज कानाच्या पाळीशी कसा बदलतो, याचा हिशेब करून तो भास उभा करतात. हाच हिशेब व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइकसारखे गेम स्वतः करतात. त्यावर हेडसेटनं दुसऱ्यांदा केला, की पावलं डावीकडून आली की मागून, तेच कळेनासं होतं. हेडसेट स्टिरिओवर ठेवा आणि गेममधला हा हिशेब, म्हणजे एचआरटीएफ, चालू करा.

खरखरीचं दुखणं वेगळं. माउस हलवला की कानात किर्र वाजत असेल, तर बहुधा कॅबिनेटचा पुढचा जॅक कारण असतो. त्याची वायर ग्राफिक्स कार्डाजवळून जाते. पिन मागच्या हिरव्या जॅकमध्ये घाला, फुकटात काम होतं. तरी राहिलं, तर छोटा यूएसबी डॅक घ्या.

मात्र टीममधली पोरं “तुझ्या माइकमधून घूंऽऽ येऊन राहिलं” म्हणत असतील, तर कॅबिनेटच्या स्क्रूला टेस्टर लावा. मंद पेटला, की अर्थिंगची शंका घ्या. जुन्या घरांत भिंतीवर सॉकेट तीन भोकांचं असतं, पण तिसऱ्यामागे कधीकधी वायरच नसते. एसएमपीएसमधल्या फिल्टरची गळती मग कॅबिनेटवर उतरते आणि माइकच्या वायरीत शिरते. वायर असली तरी उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्यात पाणी ओतायचं कोणाला आठवत नाही. इथे कार्ड काय करणार? इलेक्ट्रिशियन बोलवा. माइकचं राहू द्या, शॉक लागू नये म्हणून तरी बोलवाच.

आता कूलर. त्याची घरघर दाबायला पोट्टे व्हॉल्यूम चढवतात आणि खरं नुकसान तिथेच होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० वर गेलात, की फक्त ४ तास. रात्रभर रँक चढवणारा तो कोटा एका बैठकीत संपवतो. ओपन-बॅक हेडफोनचा मोकळा आवाज मलाही आवडतो, पण तो हिवाळ्यातला शौक. उन्हाळ्यात क्लोज्ड-बॅकच घ्या, आणि गाद्या कापडी असलेले. घामानं रेग्झिनचे पापुद्रे निघतात. थोडे जास्त पैसे असतील, तर नॉइज कॅन्सलिंग घ्या. कूलरसारख्या एकसुरी, खालच्या पट्टीतल्या आवाजावर ते उत्तम चालतं. ब्लूटूथवर मात्र गेम नको, गोळीचा आवाज मागाहून येतो. माइक एका दिशेचं ऐकणारा घ्या आणि त्याची पाठ कूलरकडे करा.

आमच्या धंद्यातल्या भावांनाही एक सांगतो. सीलबंद खोकं पुढे सरकवून हेडफोन विकणं आता बंद करा. प्रत्येक किमतीतला एक जोड काउंटरवर उघडा ठेवा, गाद्यांना बदलायच्या खोळी ठेवा आणि गिऱ्हाईकाला त्याच्या ओळखीचं गाणं दहा मिनिटं ऐकू द्या. त्या वेळी दुकानातला कूलर चालूच असू द्या.