नांव कळलें, निदान राहिलें

आमचें जेऊर करमाळा तालुक्यांतलें. पुणें-सोलापूर लोहमार्गावरचें एक लहानसें स्टेशन. ह्या भागाची ख्याति अवर्षणाची. पाऊस यावयाचा तो बहुधा भाद्रपद-आश्विनांत, आणि तोहि येईल तेव्हां खरा. त्यामुळें बुरशी ही कोंकणांतल्या माणसांची काळजी, असें मी शाळेंत असतांना मुलांना बिनदिक्कत सांगत आलों. गेल्या भाद्रपदांत आमच्याच घरच्या भिंतीनें मला खोटें पाडलें. ती हकीकत ह्या महिन्याच्या सदरांत सांगतों. कारण तींत माझा एक दोष आहे, आणि तो वाचकांच्याहि घरीं असण्याचा संभव आहे.

आमचें घर अर्धें जुनें, अर्धें नवें. पुढची सोपा-माजघराची बाजू माळवदाची. मागें पंधरा वर्षांपूर्वीं मुलांनीं सिमेंटच्या दोन खोल्या बांधल्या आणि त्यांवर एक मजला चढविला. मागल्या खालच्या खोलींत धाकटा मुलगा, सून आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा निजतात. अन्यत्र जागा नाहीं म्हणून माझें पुस्तकांचें लांकडी कपाटहि त्याच खोलींत भिंतीला टेकवून ठेवलेलें होतें. गणपतीच्या आधींच्या साफसफाईंत तें सरकविलें, तों मागें ताटाएवढा काळा डाग, त्याच्या कडेनें पांढुरकी झालर, आणि तोंडावर येणारा कुबट वास!

नुसत्या डागाची भीति कोणास वाटली नसती. पण आमच्या नातवास दम्याची तक्रार आहे. त्याच श्रावणांत त्याला तीन वेळां मध्यरात्रीं उठवून बसवावें लागलें होतें. लहान मूल श्वासासाठीं खांदे कसें उचलतें, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास अधिक सांगावयास नको.

घरांत माणसें अकरा, मतें तितकींच. सूनबाईच्या मनांत एकदम २०२१ सालची ‘काळी बुरशी’ आली. त्या वर्षीं मे महिन्यांत केंद्र सरकारनें १८९७ च्या साथरोग कायद्याखालीं ह्या रोगाची नोंद बंधनकारक करण्यास राज्यांस सांगितलें होतें, तेव्हां तिची धास्ती अस्थानीं नव्हती. परंतु तो रोग निराळा. तो म्यूकर-वर्गाच्या बुरशीचा. मधुमेह आटोक्यांत नसलेल्या किंवा स्टेरॉइड औषधें घेतलेल्या रुग्णांना त्यानें विशेषेंकरून गांठलें. त्याला काळी म्हणण्याचें कारण त्या बुरशीचा रंग नव्हे, तर रोगानें मृत झालेल्या मांसाचा रंग. भिंतीवरच्या काळ्या डागाशीं त्या नांवाचा संबंध जोडण्याचें कारण नाहीं.

आमच्या थोरल्या वहिनींचें मत दुसरें. “पावसांत ओले कपडे खोलींत वाळत घालतात, मग भिंत काय करील?” असें त्या बोलल्या. तें सूनबाईस लागलें आणि दोन दिवस स्वयंपाकघरांत फक्त भांडींच बोलत होतीं. मी माझ्या वयाच्या अधिकारानें निकाल दिला कीं, हा निवळ लोणा आहे. चुना मारला कीं झालें. पांढरी झालर बोटावर घेऊन पाण्याचा थेंब टाकला तों ती विरघळली. लोणा खराच; कारण लोणा म्हणजे क्षार, तो पाण्यांत विरतो, बुरशी विरत नाहीं. पण मधला काळा भाग जसाच्या तसा. म्हणजे माझें मत कडेपुरतें बरोबर आणि मध्यभागीं चूक होतें.

शेवटीं पुण्याच्या पुतण्यानें घरांतील बुरशीचे नमुने घेणारे एक तज्ज्ञ पाठविले. डाग पुसूं नका, फिनेल लावूं नका, असा निरोप त्यांनीं आधींच धाडला होता. त्यांची पद्धति मला एखाद्या शिस्तशीर पाठासारखी वाटली. पहिला नमुना पारदर्शक चिकटपट्टीचा. पट्टी डागावर हलकेंच दाबून उचलली आणि कांचपट्टीवर चिकटविली. प्रयोगशाळेंत तिच्यावर निळ्या रंगाचा थेंब सोडून ती सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. दुसरा नमुना निर्जंतुक कापूस गुंडाळलेल्या काडीचा. मध्यें चौकोन कापलेला कागद भिंतीवर धरून, त्या मोजक्या चौकोनावरच काडी फिरविली आणि नळींत बंद केली. हिच्यावरचे बीजाणु पोषक थरावर पेरून सुमारें २५ अंश उष्णतेंत पांच-सात दिवस वाढवावयाचे असतात. तिसरा नमुना सुटलेल्या पोपड्याचा, कागदी पाकिटांत. कारण प्लॅस्टिकच्या पिशवींत ओल कोंडते आणि वाटेंतच बुरशी वाढते.

चौथा नमुना त्यांनीं समोरच्या स्वच्छ भिंतीचा घेतला. मीं विचारलें, “तिकडे तर कांहींच नाहीं.” ते म्हणाले, “मास्तर, बीजाणु सर्वत्रच असतात. स्वच्छ भिंतीवर किती आहेत हें ठाऊक नसतां डागावर जास्त आहेत असें कशावरून म्हणायचें?” ह्या उत्तरानें मी त्यांचा चाहता झालों. जातांना त्यांनीं दोन टोंचण्यांचें एक लहानसें यंत्र भिंतीला तीन ठिकाणीं लावून ओल मोजली आणि आंकडे टिपून घेतले. तिकडे आमचें कोणाचेंच लक्ष नव्हतें.

दहाव्या दिवशीं अहवाल आला. पहिल्याच पानावर दोन नांवें ठळक छापलेलीं: क्लॅडोस्पोरियम आणि ॲस्पर्जिलस नायजर. संस्कृत शिकलेल्या माणसास व्युत्पत्तीचा मोह आवरत नाहीं. पहिल्या नांवांत ग्रीक ‘क्लाडोस्’ म्हणजे शाखा. हिचे बीजाणु फांद्यांसारख्या माळांनीं लागतात. दुसरें नांव फ्लॉरेन्सच्या मिकेली ह्या धर्मोपदेशक वनस्पतिशास्त्रज्ञानें १७२९ सालीं ठेवलें. सूक्ष्मदर्शकाखालीं त्याला तिचा आकार चर्चमध्यें तीर्थ शिंपडण्याच्या कुंचल्यासारखा दिसला. आपणांकडे कोणीं नांव ठेवलें असतें तर दर्भाच्या जुडीवरून ठेवलें असतें. ‘नायजर’ म्हणजे काळा. हीच बुरशी कारखान्यांत वाढवून सरबतांत आणि गोळ्यांत पडणारें सायट्रिक आम्ल काढतात. तिच्याच जवळच्या पेनिसिलियममधून १९२८ सालीं फ्लेमिंग ह्यांस जें औषध सांपडलें, त्यासाठीं १९५४ सालीं आपल्या पिंपरीस सरकारी कारखाना स्थापन झाला. हें सर्व मीं रात्रीं जेवतांना मोठ्या उत्साहानें सांगितलें.

सर्वांचें ऐकणें झाल्यावर सूनबाई हळूच म्हणाली, “मामंजी, नांवें कळलीं. पण ह्याला दम लागतो तो ह्यांच्यामुळेंच का? आणि आतां करायचें काय?”

मी निरुत्तर झालों. मग अहवाल घेऊन बसलों, कांहीं वाचन केलें, बालरोगतज्ज्ञांस विचारलें, तेव्हां समजलें कीं ह्या प्रश्नाचें उत्तर भिंतीचा नमुना देऊंच शकत नाहीं. भिंतीवर काय वाढलें आहे एवढेंच तो सांगतो. मुलाच्या श्वासांत त्यांतलें किती जातें हें सांगत नाहीं. पट्टीवर मेलेले बीजाणूहि दिसतात. पेरलेल्या थाळींत जिवंत तेवढेच उगवतात, आणि त्यांतलेहि जोमानें वाढणारे मंद वाढणाऱ्यांस झांकून टाकतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं घरांतील ओल व बुरशी ह्यांवर मार्गदर्शिका काढली. ओलसर घरांत दमा व श्वसनाच्या तक्रारी अधिक आढळतात, हें तींत स्पष्ट आहे. परंतु इतक्या बीजाणूंपर्यंत निर्धोक आणि त्यापुढें धोका, अशी रेषा तींत आंखलेली नाहीं. अमेरिकेच्या पर्यावरणसंरक्षण संस्थेचें सांगणें तर असें कीं, बुरशी डोळ्यांना दिसत असेल तेव्हां बहुतेक वेळां नमुना घेण्याची गरजच नसते. ती कोणतीहि असो, काढावयाचीच असते.

येथें मला आपल्याच एका शब्दाची आठवण झाली. आपण रोग ओळखण्यास ‘निदान’ म्हणतों. परंतु संस्कृतांत निदान म्हणजे मूळ कारण. आणि निदानपरिवर्जन, म्हणजे कारणाचाच त्याग, ही आयुर्वेदानें चिकित्सेची पहिली पायरी मानली आहे. आम्हांस नांव मिळालें होतें, निदान मिळालें नव्हतें. डोंगरावर धूर दिसला तर नैयायिक अग्नीचें अनुमान करतो. मी मात्र धुराची व्युत्पत्ति सांगत बसलों होतों. भिंतीवर बुरशी हें लिंग असेल तर तिच्यामागचा अग्नि म्हणजे पाणी. आणि लोण्याची ती पांढरी झालर! भिंतींतून पाणी वाहून बाहेर सुकल्यावांचून क्षार पृष्ठावर येत नाहींत. साक्षीदार माझ्या बोटावर विरघळला, आणि त्याची साक्ष मीं चुन्याखालीं झांकावयास निघालों होतों.

कारण शोधलें तें सूनबाईनें. अहवालाचें शेवटचें पान तिनेंच वाचलें. त्यावर यंत्राचे आंकडे होते: जमिनीपासून हातभर उंचीवर १२, कंबरेपाशीं १९, डोक्याच्या वर २७. ती म्हणाली, “मामंजी, जमिनीची ओल वर चढत असती तर खालचा आंकडा मोठा असता. येथें वरचा मोठा आहे. पाणी वरून येतें आहे.” तीस वर्षें मुलांना तर्क शिकविणाऱ्या माणसानें हें ऐकून मान खालीं घातली. वरच्या मजल्यावर त्याच भिंतीला लागून न्हाणीघर आहे. नळकाम करणाऱ्यास बोलावून फरशी उचलविली, तों पाइपाचा सांधा थेंबथेंब गळत होता. किती दिवस, देव जाणे.

आतां माझा दोष. त्या खोलीला छताजवळ एक झरोका होता. पारवे घरटीं करतात म्हणून चार वर्षांपूर्वीं मींच तो विटांनीं बुजविला. कपाट भिंतीला चिकटवून ठेवलें तेंहि मींच. पाणी सांध्यानें दिलें खरें, पण तें सुकूं न देण्याची व्यवस्था माझी होती. आणि ठपका मात्र सुनेच्या ओल्या कपड्यांवर आला.

नातवाचा बिछाना त्याच रात्रीं माजघरांत हलविला. सांधा बदलला, झरोका मोकळा करून जाळी बसविली. भुसभुशीत गिलावा पाडून भिंत महिनाभर उघडी वाळूं दिली. ओल असतां वरून रंग दिला तर रंगासकट पोपडे पडतात. डाग साबणाच्या पाण्यानें, ओल्या फडक्यानें पुसला. कोरड्या कुंच्यानें घांसूं नये, बीजाणु घरभर उडतात. तोंडावर एन-९५ मुखपट्टी असावी आणि लहान मुलें, दमेकरी त्या वेळीं दूर असावेत. ब्लीचिंगचें पाणी व संडास धुण्याचें आम्ल हीं कधींहि एकत्र करूं नयेत. त्यांतून विषारी वायु निघतो. डाग सुमारें तीन फूट लांब-रुंद जागेहून मोठा असेल तर जाणत्यास बोलवावें. आणि पाणी कोठेंहि सांडलें-झिरपलें तर एक-दोन दिवसांत ती जागा कोरडी करावी. त्यापुढें बुरशी वाट पाहत नाहीं.

मग हे नमुने घेणें व्यर्थच का? तसें नाहीं. डाग बुरशीचा कीं धुराचा हा संशय असेल, साफसफाई नीट झाली कीं नाहीं हें पाहावयाचें असेल, किंवा घरांतील आजाऱ्याच्या डॉक्टरांनीं अमुक बुरशीचा शोध घ्या असें सांगितलें असेल, तर नमुना उपयोगी. पुण्यास १९४६ सालीं महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीनें काढलेली, आतां आघारकर ह्यांच्या नांवाची संशोधन संस्था आहे. तेथें बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह असून बुरशी ओळखून देण्याचें कामहि होतें. औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, डॉ. एस. टी. टिळक ह्यांनीं हवेंतले बीजाणु सतत टिपणारें यंत्र बनविलें. तें त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. विद्या आपल्या दारीं आहे. मात्र पैसे देण्यापूर्वीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा: उत्तर हें आलें किंवा तें आलें, तर आपण करणार तें बदलणार आहे काय? बदलणार नसेल, तर ते पैसे सांधा दुरुस्त करण्यास द्यावेत.

नातू आतां बरा आहे. हिंवाळ्यांत एकदां दम लागला. डॉक्टरांचें औषध चालूच आहे, आणि सुधारणा भिंतीमुळें झाली असें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. कपाट आतां भिंतीपासून वीतभर दूर उभें असतें. माझ्या विद्यार्थिदशेंतला एक कोश बुरशीनें इतका खाल्ला होता कीं टाकून द्यावा लागला. वहिनींनीं दिवाळीच्या फराळाच्या वेळीं सूनबाईच्या पानांत चिरोटा वाढतां वाढतां म्हटलें, “कपडे नव्हते ग ते, पाइप होता.” आमच्या घरीं क्षमा ह्याच रीतीनें मागतात. मी त्या वेळीं खालीं पाहून चिरोटा खात होतों. कारण पाइपानंतरचें दुसरें नांव माझें होतें, आणि तें कोणींच उच्चारलें नाहीं.